मुदत मागण्याचा इतिहास

गहाणखत आणि खरेदीखत यांत फरक काय? गहाणखतात कर्ज जिवंत असतं, म्हणून हप्ता, व्याज, मुदत यांवर बोलता येतं. खरेदीखतात बोलायला काही उरतच नाही. कागदावर जमीन विकलेली असते. आमच्या नांदेड-लातूरकडे अनेक सावकार पैसे देताना खरेदीखतच लिहून घेत आले. ‘पैसे फेडले की जमीन परत’ हे फक्त तोंडी. एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला की मुदत मागायची कशाच्या आधारावर?

कागदाचा हा पेच जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली. मग गावोगाव शेतकऱ्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. आपल्याला कशाने बांधलंय, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन पहिल्या व्यवहारापासूनचा हिशोब तपासता येऊ लागला. मुद्दल किती, व्याज किती, हे ठरवून हप्ते बांधून देता येऊ लागले. आज बँका ज्याला कर्जाची पुनर्रचना म्हणतात, तिची ही पणजी.

पण सोलापूरची हद्द ओलांडली की निजामाचं राज्य. लातूर आणि नांदेड हैदराबाद संस्थानात होते, तिथे हा कायदा लागू नव्हता. संस्थानाने पुढे सावकारीवर काही नियम आणले, तरी शेतकरी कर्जदारांसाठीचा हैदराबादचा कायदा आला तो १९५६ मध्ये, संस्थान भारतात विलीन झाल्यावर आठ वर्षांनी. आणि खरेदीखताचा डाव त्यानंतरही चालूच राहिला. म्हणून महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात कलम १८ आहे: सावकारीच्या व्यवहारातून गेल्या पंधरा वर्षांत बळकावलेली जमीन, कागदावर विक्री लिहिलेली असली तरी, चौकशी करून मूळ मालकाला परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक काढू शकतो.

शहरात सावकाराच्या जागी बँक आली. नांदेडला माझ्या मावसभावाचे घरकर्जाचे दोन हप्ते थकले, तेव्हा त्याने बँकेचे फोन उचलणंच बंद केलं. मी अर्ज लिही म्हणालो, तर म्हणाला, “दादा, आता बँकेपुढं हात पसरू का?” मी त्याला हाच इतिहास सांगितला. त्याच्याकडे गहाणखत होतं, म्हणजे बोलायला जागा होती.

तारखा मात्र कडक आहेत. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की कर्ज बुडीत वर्गात जातं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर बँक घराचा ताबा घेऊ शकते. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कर्जदाराच्या हरकतीचा विचार करून बँकेने कारणांसह उत्तर दिलं पाहिजे. ते पुढे कायद्यातच आलं. आता हे उत्तर पंधरा दिवसांत द्यावं लागतं. हप्ते बदलून मिळणं हा हक्क नाही, ते बँकेच्या मर्जीवर आहे. पण लेखी हरकतीला उत्तर मिळणं हा हक्क आहे.

मुदत फुकट मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. वीस लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे २०,२८५ रुपये पडतो. वीस वर्षांत १७,९९५. महिन्याला तेवीसशे रुपये सुटतात, पण शेवटी जवळपास पावणेसात लाख जास्त जातात. म्हणून नोकरी जाण्याची किंवा दुकान बसण्याची चिन्हं दिसली, की पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत जा. उत्पन्न का घटलं आणि दरमहा किती भरू शकता, ते अर्जात आकड्यांत लिहा आणि अर्जाची पोच घ्या.