इंडी हॉरर गेमचे आवरणचित्र

इंडी हॉरर गेमचे आवरणचित्र : मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या भांडवलाशिवाय, एकट्याने किंवा छोट्या चमूने बनवलेल्या भयप्रधान व्हिडिओ गेमचे ऑनलाइन दुकानात दिसणारे ओळखचित्र. त्यात सहसा एक दृश्य आणि गेमचे नाव एवढेच असते. स्टीम या दुकानात त्याला ‘कॅप्सूल’ म्हणतात, इच डॉट आयओवर ‘कव्हर’. ट्रेलर, वर्णन, खेळणाऱ्यांचे अभिप्राय यांची पाळी या चित्रावर क्लिक झाल्यानंतर येते.

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने जून २०१७ मध्ये ‘स्टीम डायरेक्ट’ सुरू केले आणि गेममागे १०० डॉलर शुल्क भरून कोणालाही आपला गेम तेथे विकता येऊ लागला. २०२४ या एकाच वर्षात स्टीमवर १८,००० हून अधिक गेम आले. जाहिरातीसाठी पैसा नसलेल्या निर्मात्याला या गर्दीत हे चित्रच सर्वाधिक उपयोगी पडते. तरीही पुष्कळदा ते अगदी शेवटी, गेममधलाच एखादा स्क्रीनशॉट कापून उरकले जाते. इतर प्रकारांत हे एक वेळ निभावते, हॉररमध्ये नाही. हॉरर गेममधली भीती आवाजातून, थांबून राहण्यातून, वळणापलीकडे काय असेल या शंकेतून तयार होते. स्थिर चित्रात यांतले काहीच उतरत नाही, आणि हाती उरतो तो एक अंधारा बोळ. म्हणून या गेमचे आवरणचित्र स्वतंत्रपणे रचावे लागते.

स्टीमला एका मापाचे चित्र पुरत नाही. गेमच्या पानावरचे शीर्षचित्र ९२० × ४३० पिक्सेलचे, मुखपृष्ठावर झळकणारे १२३२ × ७०६ चे, उभे ७४८ × ८९६ चे, शोधयादीतले छोटे ४६२ × १७४ चे आणि खरेदीनंतर ग्राहकाच्या संग्रहात दिसणारे ६०० × ९०० चे असते. यांतले छोटे कॅप्सूल काही ठिकाणी आणखी लहान करून, १२० × ४५ पर्यंत आकसून दाखवले जाते. ही पट्टी नखाएवढी भासते, आणि बहुतेक चित्रे इथेच हरतात. भव्य चित्र आधी रंगवून मग ते लहान करत नेले की वाडा, चंद्र, कुंपण, पायवाट आणि नायिका या सगळ्यांचा मिळून एक करडा डाग होतो. रचना उलट दिशेने करावी : सर्वांत लहान पट्टीत काय ओळखू येईल ते आधी ठरवावे आणि मोठ्या मापांत त्याभोवती जागा, खोली, तपशील वाढवत न्यावेत. छोट्या पट्टीत गेमचे नाव जवळजवळ पूर्ण रुंदी व्यापते आणि मागे एखादाच आकार तग धरतो. पार्श्वभूमी, आकृती, प्रकाश आणि नाव वेगवेगळ्या थरांत ठेवून चित्रकाराकडून मूळ फाइल घेतली, तर आडव्या आणि उभ्या मापांसाठी प्रत्येक वेळी नवे चित्र काढावे लागत नाही. संग्रहातल्या ३८४० × १२४० च्या रुंद पार्श्वचित्रावर अक्षरे चालत नाहीत, नाव तेथे वेगळ्या फाइलमधून बसवले जाते. त्यामुळे चित्रातच रंगवून टाकलेले नाव पुढे अडचण करते.

दुसरी अडचण काळ्या रंगाची. स्टीमच्या पानाची पार्श्वभूमी मुळातच गडद निळसर आहे. तिच्यावर काळे चित्र ठेवले की त्याच्या कडा विरघळतात, आणि शेजारची हॉररची चित्रेही तितकीच काळी असतात. अंधाराच्या सूक्ष्म छटा फाइल लहान करताना पट्ट्यापट्ट्यांनी फुटतात, मंद उजेडाच्या फोनवर तर दिसतही नाहीत. यावर उपाय म्हणून सगळे चित्र उजळण्याची गरज नसते, उजेड एकाच ठिकाणी एकवटला की पुरते. कोपनहेगनच्या प्लेडेडचा ‘लिंबो’ (२०१०) हा याचा वस्तुपाठ होय. त्यात काळोख पार्श्वभूमीला दिलेला नाही, आकृतीला दिला आहे : मागे फिकट धुके, पुढे मुलाची काळी छायाकृती आणि तिच्यात पांढरे डोळे. चित्र कितीही लहान केले तरी ही मांडणी टिकते. माल्मोच्या टार्सियर स्टुडिओजच्या ‘लिटल नाइटमेअर्स’चे (२०१७) प्रकाशन बांदाई नामकोसारख्या बड्या कंपनीने केले, त्यामुळे तो काटेकोर अर्थाने इंडी नव्हे. पण त्यातल्या सिक्स या चिमुकल्या नायिकेचा पिवळा रेनकोट मळकट, अंधाऱ्या जगात रंगाचा एकच ठिपका कसे काम करतो ते दाखवतो. चित्र करड्या छटांत बदलून, लहान करून, थोडे धूसर करून पाहावे. आकार उरला तर रचना पक्की समजावी.

काय दाखवायचे आणि काय राखून ठेवायचे, हा या कलेचा गाभा. चित्रपटाच्या भित्तिपत्रकांनी याचा मार्ग आधीच घालून दिला होता. फिलिप गिप्स यांच्या ‘एलियन’च्या (१९७९) भित्तिपत्रकात प्राणी नाहीच. काळ्या अवकाशात एक अंडे आहे, त्याला तडा गेला आहे आणि तड्यातून हिरवट उजेड झिरपतो आहे. हे अंडे चित्रपटातल्या अंड्यासारखेही दिसत नाही. राक्षस पूर्ण दाखवला की पाहणारा त्याचे मोजमाप घेतो आणि निश्चिंत होतो. त्याची एखादी खूण दाखवली, तर उरलेला राक्षस पाहणारा स्वतः घडवतो.

मात्र याला बळकट अपवाद आहे. स्कॉट कॉथनच्या ‘फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज’ने (२०१४) काळोखातून पुढे आलेला फ्रेडी अस्वलाचा चेहराच समोर ठेवला. तो चालला, कारण ते मुलांच्या पिझ्झा हॉटेलातले यांत्रिक बाहुले आहे, परिचित आणि निरुपद्रवी. पाहणाऱ्याला अस्वस्थता वाटते, पण तिचे कारण बोट ठेवून सांगता येत नाही. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये माणसासारख्या, पण पूर्ण माणूस नसलेल्या आकृती पाहून अस्वस्थ वाटते असे जे निरीक्षण मांडले, ते या चेहऱ्याला लागू पडते. चेहरे आणि डोळे माणसाची नजर सर्वांत आधी टिपते, त्यामुळे लहान मापातही असे चित्र हरत नाही. पुढे खेळण्यासारख्या राक्षसांची रांगच लागली. ‘पॉपी प्लेटाइम’मधला (२०२१) निळा, केसाळ हगी वगी त्यांतलाच. या वळणाची गंभीर बाजू अशी की असे चित्र लहान मुलांनाही ओढून घेते. भयाची खूण चित्रातच स्पष्ट ठेवणे ही निर्मात्याची जबाबदारी आहे, ती टाळू नये.

आवरणचित्र कोणत्या जातीची भीती मिळणार याचे वचन देते : पाठलागाची, एकाकीपणाची, देहविकृतीची की मन ढासळण्याची. वचन चुकले तर चांगला गेमही गैरसमजात सापडतो. ‘गॉन होम’च्या (२०१३) चित्रात रात्रीच्या वेळी उभे असलेले एकाकी मोठे घर आणि त्याच्या उजळलेल्या खिडक्या आहेत. पुष्कळ खेळाडू भुताची वाट पाहत आत शिरले. गेम मात्र एका कुटुंबाची हळवी गोष्ट सांगणारा होता. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ने (२०१७) याच्या उलट केले : गुलाबी, खेळकर चित्र, शाळेच्या गणवेशातल्या चार हसऱ्या मुली आणि आत मानसिक भय. ही फसवणूक ठरत नाही, कारण दुकानाच्या पानावर मुलांसाठी व हळव्या मनाच्या लोकांसाठी इशारा आहे, आणि ‘सायकॉलॉजिकल हॉरर’ हे लेबलही आहे. गोड चित्राशेजारी तो इशारा वाचूनच भीतीला सुरुवात होते. चित्र आणि मजकूर यांची अशी सांगड विरळा. इशारा न देता तिची नक्कल करणे मात्र अप्रामाणिक होय.

कमी बहुभुजांच्या, जुन्या प्लेस्टेशनची आठवण देणाऱ्या गेमसाठी गुळगुळीत तैलचित्र काढून घेणे हेही असेच फसवे वचन. पानावरचे स्क्रीनशॉट प्रत्यक्ष गेममधलेच असावेत असा स्टीमचा नियम असल्याने क्लिक करताच तफावत उघडी पडते. असे गेम बनवणाऱ्या पपेट कॉम्बोने यातून सुंदर वाट काढली. त्यांची आवरणे १९८०च्या दशकातल्या व्हिडिओ कॅसेटच्या वेष्टनांसारखी रंगवलेली असतात. त्यामुळे चित्र आणि गेम एकाच काळातले वाटतात, खडबडीत ग्राफिक्स उणीव न ठरता शैली ठरते. इच डॉट आयओवर, जेथे ६३० × ५०० चे कव्हर सुचवले जाते, जिफ वापरून चित्र हलतेही ठेवता येते. कर्सर नेल्यावर पापणी लवावी एवढी हालचाल पुरते.

नावाचे अक्षरांकन हा चित्राचाच भाग. ओरखडे, ठिबकणारे रक्त, तुटकी अक्षरे मोठ्या मापात परिणामकारक वाटतात, छोट्या पट्टीत वाचताच येत नाहीत. अक्षराचा सांगाडा साधा ठेवून एखाद्याच अक्षराला इजा करावी. देवनागरी नाव असेल तर अधिक काळजी हवी. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, यांमुळे ४५ पिक्सेल उंचीतला मोठा वाटा मूळ अक्षराच्या बाहेरच खर्च होतो. जोडाक्षरे कमी असलेले छोटे नाव येथे फायद्याचे. अखंड शिरोरेषा मात्र रोमन लिपीजवळ नसलेले साधन आहे : ती वाकवता येते, खचवता येते, एका टोकाला जाळता येते, आणि तरीही खालची अक्षरे वाचता येतात.

१ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने कॅप्सूलवर गुणांकन, पुरस्कारांची नावे आणि सवलतीच्या घोषणा लिहिण्यास मनाई केली. चित्र, गेमचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. गेमच्या नव्या अपडेटची घोषणा करायची असेल, तर ठरावीक मुदतीपुरते बदली चित्र लावण्याची सोय आहे. चित्र किती वेळा दिसले आणि त्यावरून किती जण पानावर आले, हे आकडे निर्मात्याला मिळतात. चित्र बदलल्यावर त्यांची तुलना करता येते, पण मधल्या काळात सवलत किंवा एखादा महोत्सव येऊन गेला असेल तर फरक चित्रामुळेच पडला असे धरू नये.