संमती : देहापासून नोंदीपर्यंत
मानवी प्रयोगासाठी संमती हवी, हा विचार न्यूरेंबर्गच्या १९४७ मधील निकालाहून जुना आहे. उपचारेतर प्रयोगापूर्वी संभाव्य दुष्परिणाम समजावून निःसंदिग्ध संमती घ्यावी, असा आदेश प्रशियाच्या मंत्र्याने १९०० मध्येच काढला होता. मात्र त्यास कायद्याचे बळ नव्हते. १९६४ च्या हेलसिंकी घोषणेत २००० साली झालेल्या सुधारणेने व्यक्तीची ओळख पटविणारी माहितीही तिच्या कक्षेत आणली. देहाप्रमाणेच देहाविषयीची नोंदही संमतीचा विषय झाली. भारताच्या २०१९ च्या औषधचाचणी नियमांनुसार सहभागी व्यक्तीस समजेल अशा अपारिभाषिक भाषेत माहिती देणे बंधनकारक असून, निरक्षरांसाठी निःपक्षपाती साक्षीदार आवश्यक आहे. नियमाची खरी कसोटी येथेच लागते : अंगठा उमटतो, तेव्हा अर्थ उमगलेला असतो काय?