धीर देणारी पदे : मराठी ख्रिस्ती उपासनागीतांचा इतिहास

मराठी ख्रिस्ती काव्याचा आरंभ गोव्यात झाला. १५७९ मध्ये तेथे आलेले इंग्रज जेज्विट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या व नव्या करारातील कथा सुमारे अकरा हजार ओव्यांतून सांगणारा हा ग्रंथ रोमन लिपीत छापलेला असला, तरी त्याची भाषा मराठी होती आणि घडण पुराणाची होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे त्यांच्यापासून दूर गेली होती, आणि त्यांच्या मनातील ती पोकळी भरून काढणे हा या रचनेमागील एक प्रमुख हेतू होता.

मुंबईत आणि देशावर ही परंपरा वेगळ्या वाटेने रुजली. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरात काम सुरू केले, तर १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. मंडळीत, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायात, आरंभी पाश्चात्त्य गीतांची भाषांतरे मूळ चालींवर म्हटली जात. परंतु मराठीतील ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत नीट बसत नसत, त्यामुळे शब्द ओढले जात आणि अर्थ निसटे. शिवाय ग्रामीण मंडळीतील बहुसंख्य माणसे निरक्षर होती व त्यांतील अनेक जण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आले होते, त्यामुळे पुस्तक हातात धरून गाण्याची रीत त्यांच्या फारशी उपयोगाची नव्हती.

हा अडसर अभंग, पदे आणि कीर्तन यांनी दूर केला. भजनात एकाने ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, म्हणायची आणि इतरांनी ती उचलायची असते, त्यामुळे अक्षरओळख नसलेला मनुष्यही पहिल्याच दिवशी उपासनेत सहभागी होऊ शके आणि तेच पद शेतात किंवा जात्यावर पुन्हा म्हणू शके. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा साज कायम ठेवून त्यातून ख्रिस्तचरित्र सांगितले.

या परंपरेला श्रेष्ठ काव्याचे रूप दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना आप्तांचा दुरावा आणि पत्नीची ताटातूट सोसावी लागली. तरीही संतवाणीवरील त्यांचे प्रेम कमी झाले नाही, उलट तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्ताकडे आणले, असे ते मानीत. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटले, आणि नातेवाइकांनी टाकलेल्या माणसाला या एका संबोधनातून तुटलेल्या घराचे नाते परत मिळाले. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतीच्या निधनाने अपुरे राहिलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्यात ६४ अध्यायांची भर घातली. लहानपणी शाळेत न गेलेल्या स्त्रीच्या हातून झालेले हे कार्य श्रद्धेचे बळ किती असते याची साक्ष देते.

दुष्काळ, रोगराई, बहिष्कार आणि मृत्यू यांच्या प्रसंगी उपदेशापेक्षा ही पदे अधिक उपयोगी पडली, कारण उपदेश ऐकावा लागतो, तर पद दुःखी माणसाला स्वतःच्या तोंडाने आणि इतरांच्या सोबतीने म्हणता येते. ‘उपासना-संगीत’ या पुस्तकाने या रचनांचे शब्द टिकवून धरले आहेत. परंतु अनेक देशी चाली मुख्यतः तोंडीच चालत आल्या असून त्या जाणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे, म्हणून प्रत्येक मंडळीने आपल्या ज्येष्ठ गायकांकडून त्या चाली वेळीच शिकून व ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात.