लेक्झिंग्टन येथील मन्रो यांचें पथिकगृह

जुबिलीच्या स्मरणिकेंत एका मद्यगृहाचा इतिहास कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत उभा राहील, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या घराची हकीकत आम्ही येथें सादर करीत आहों, तें केवळ मद्यपानाचें स्थान नव्हतें. अठराव्या शतकांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत रस्त्याच्या कडेचें असें घर म्हणजे धर्मशाळा, खाणावळ, चावडी व गुत्ता हीं चारही एका छपराखालीं आलेलीं असत. तें चालविण्यास सरकारी परवाना लागे. बोस्टनच्या बाजारास गुरें हांकीत नेणारे लोक तेथें रात्र काढीत. गांवकरी नवें वर्तमान ऐकावयास जमत. आणि हिंवाळ्यांत बीअर, रम व साखर यांच्या मिश्रणांत तापलेली लोखंडी सळई बुडवून केलेलें ऊन पेय थकल्याभागल्या पांथस्थापुढें येई.

बोस्टनपासून सुमारें १२ मैलांवर लेक्झिंग्टन हें गांव आहे. गांवच्या मैदानापासून पूर्वेस एक मैलावर, बोस्टनच्या रस्त्यालगत, विल्यम मन्रो हे आपल्या पत्नी अ‍ॅना यांच्यासह असें एक पथिकगृह चालवीत. रस्ता हीच त्या घराची भाकरी होती. आणि त्याच रस्त्यानें एके दिवशीं युद्ध त्याच्या दारीं आलें.

१८ एप्रिल १७७५ च्या रात्रीं सुमारें ७०० इंग्रज शिपाई कॉन्कॉर्ड येथील युद्धसामग्रीचा नाश करण्यासाठीं बोस्टनहून निघाले. मन्रो हे गांवच्या लष्करी तुकडींत सार्जंट होते. पाद्री जोनास क्लार्क यांच्या घरीं जॉन हॅन्कॉक व सॅम्युएल अ‍ॅडम्स हे पुढारी उतरले होते. तेथें मन्रो आठ माणसांसह पहारा करीत असतां मध्यरात्रीच्या सुमारास पॉल रिव्हिअर घोडा फेंकीत येऊन पोहोंचले व त्यांनीं फौज निघाल्याची बातमी दिली. पहांटे कॅप्टन जॉन पार्कर यांच्या हाताखालीं सत्त्याहत्तर गांवकरी मैदानांत उभे राहिले. क्षणार्धांत गोळीबार झाला. आठ जण ठार व दहा जखमी झाले. मृतांत मन्रो कुळांतील वृद्ध रॉबर्ट मन्रो हेही होते.

फौज कॉन्कॉर्डला गेली खरी, पण परततांना भिंतीभिंतींआडून व झाडांआडून होणाऱ्या माऱ्यानें ती अगदीं जेरीस आली. दुपारीं अडीचच्या सुमारास लेक्झिंग्टनजवळ लॉर्ड पर्सी हे सुमारें १,००० शिपाई व दोन तोफा घेऊन तिच्या मदतीस आले, म्हणूनच ती बचावली. एक तोफगोळा तर गांवच्या प्रार्थनामंदिरांतून आरपार गेला. शत्रूस आडोसा मिळूं नये म्हणून आसपासचीं तीन घरें जाळण्यांत आलीं. पर्सी यांनीं आपलें ठाणें मन्रो यांच्या पथिकगृहांत केलें. आणि ज्या दालनांत काल प्रवासी भोजन करीत होते, तेथें आज जखमी शिपायांच्या जखमा बांधल्या जाऊं लागल्या.

त्या वेळीं घरांत मालक नव्हते. परंपरा सांगते कीं, अ‍ॅना मुलांना घेऊन मागील टेंकडीवरील रानांत लपल्या होत्या. घराची राखण जॉन रेमंड नांवाच्या एका पांगळ्या माणसाकडे होती. घरांत जें कांहीं होतें तें त्यानें शिपायांना दिलें. नंतर तो घराबाहेर पडूं लागला, तों त्यांनीं त्याच्यावर गोळी झाडली. घरापासून थोड्याच अंतरावर त्याचें प्रेत सांपडलें. पन्नास वर्षांनीं, १८२५ सालीं, वृद्ध मन्रो यांनीं शपथेवर दिलेल्या जबानींत ही हकीकत नमूद केली आहे. ज्यांच्या हातून त्यानें पाहुणचाराचें पात्र परत घेतलें असेल, त्यांच्याच हातून त्याला मरण आलें, ह्याहून युद्धाची निराळी ओळख ती काय करून द्यावी?

साडेतीनच्या सुमारास फौज बोस्टनकडे निघाली. जातांना घराला लावलेली आग विझली व घर वांचलें. त्या एका दिवसांत इंग्रजांचे ७३ व वसाहतवाल्यांचे ४९ लोक मेले. मन्रो यांनीं पुन्हां आपला व्यवसाय सुरू केला. नोव्हेंबर १७८९ मध्यें राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन लेक्झिंग्टनला आले असतां त्यांनीं ह्याच घरीं भोजन केलें. पुढें १९११ सालीं तें घर तेथील इतिहासमंडळाच्या हातीं आलें व आज तें संग्रहालय म्हणून जतन केलेलें आहे.

लेक्झिंग्टनच्या मैदानांत १७९९ सालीं उभारलेल्या स्मारकस्तंभावर सकाळीं पडलेल्या आठ जणांचीं नांवें कोरलेलीं आहेत. रेमंड दुपारीं मेला. त्याचें नांव त्यांत नाहीं. त्याच्या हातीं बंदूक नव्हती, पायांत बळ नव्हतें. सोंपविलेलें घर सांभाळणें व आलेल्यापुढें असेल तें ठेवणें, एवढेंच काम त्याच्याकडे होतें आणि तें त्यानें शेवटपर्यंत केलें. जुबिलीच्या वर्षीं आपण आपल्या वाडवडिलांचें स्मरण करतों, तेव्हां दगडावर ज्यांचीं नांवें कोरलीं गेलीं नाहींत, अशा घर राखणाऱ्यांचेंही स्मरण व्हावें, एवढ्यासाठींच आम्हीं हा लहानसा इतिहास वाचकांपुढें ठेविला आहे.