वाचा-उपचाराचं माहेर

वाचा-उपचाराचं मूळ शोधताना आपण आधी रुग्णालयाकडे बघतो. पण हे कूळ शाळेतलं आहे. 1885 साली बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने माझगावात कर्णबधिर मुलांची शाळा निघाली, देशातली पहिली. पाच वर्षं आधी, 1880 मध्ये, मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी खुणांची भाषा वर्गाबाहेर घालवून तोंडी शिक्षणाचा ठराव केला होता. त्या लाटेपायी जगभर मुलांच्या हातांतली भाषा दडपली गेली. माझ्या मते हा या विद्येचा सगळ्यात मोठा अपराध आहे.

तरी तोंडी शिक्षणातल्या काही युक्त्या अस्सल होत्या, आणि त्या आजही चालतात. मुलाचा तळहात शिक्षिकेच्या गळ्यावर ठेवायचा: 'ब' म्हणताना कंप लागतो, 'प'ला लागत नाही. मग ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. 'प'ला ती जेमतेम हलते, 'फ'ला चांगली फडफडते. कानाला न कळलेला फरक मुलाला असा हाताने आणि डोळ्यांनी कळतो.

आपल्याकडे विद्यापीठातलं शास्त्र आलं 1960 नंतर. मार्टिन पामर यांनी 1934 मध्ये अमेरिकेत विचिटाला 'इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स' (लोगोपेडिक्स म्हणजे वाचा-उपचाराचं शास्त्र) काढली होती. म्हैसूरची संस्था 1965 मध्ये सुरू झाली तीही लोगोपेडिक्सचंच नाव घेऊन. लवकरच ती 'वाक् व श्रवण' संस्था झाली. त्याच दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयातही वाचा-उपचारतज्ज्ञ घडू लागले. पण उच्चार तपासायच्या इंग्रजी चाचण्यांत 'ळ' कुठून असणार? मराठी मुलासाठी शब्द आणि चित्रं इथेच जुळवावी लागली.

9 ऑगस्ट 1983 रोजी वांद्र्याला श्रवणदोष असलेल्यांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना 1976 मध्ये निधन पावलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं. त्या नावात फक्त श्रवण होतं. 'वाचा' अधिकृतपणे आली ती 2016 मध्ये. मधल्या काळात याच संस्थेने भारतीय सांकेतिक भाषेचे वर्गही चालवले. कोलकाता, दिल्ली, सिकंदराबादला केंद्रं निघाली, आणि ती हवीच होती. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच्या, छत्तीसगढमधल्या कुम्हारीत एखाद्या मराठी घरातलं मूल उशिरा बोलायला लागलं, तर दर आठवड्याला वांद्रे गाठणं कोणाला जमणार? शिवाय तिथे शाळा हिंदी, शेजार छत्तीसगढी. अशा वेळी उपचार मराठीतूनच सुरू व्हावा, कारण दिवसभर सराव करून घेणारी आई मराठीच बोलते.