घरपट्टी कोणाची, डागडुजी कोणाची?

मुंबईतल्या जुन्या चाळीची भाडेपावती आपण रकमेपुरती पाहतो आणि खिळ्याला अडकवून ठेवतो. भाडे, वाढीव घरपट्टी, शिक्षण उपकर, दुरुस्ती उपकर अशा तिच्यातल्या प्रत्येक आकड्यामागे मालक-भाडेकरूंचे एकेक जुने भांडण आहे. मी कायदा शिकलो तो युनियनच्या कचेरीत, सभासदांना आलेल्या नोटिसा वाचून. तेव्हा वकिली काटेकोरपणा माझ्याकडून अपेक्षू नका.

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने घर भाड्याने दिलेले असल्यास कर भरण्याची पहिली जबाबदारी देणाऱ्यावर टाकली. कर ठरे तो वार्षिक भाड्यावर, आणि त्यातून शेकडा १० वजा होत ते दुरुस्तीपोटी. शंभर रुपये भाडे असेल तर नव्वदांवर कर. घर राखणे मालकाचे काम आहे व त्याचा खर्च भाड्यातूनच निघतो, हे त्यात गृहीत होते. मात्र ते दहा रुपये खरोखर छपरावर खर्च झालेच पाहिजेत, अशी अट त्या सवलतीला नव्हती.

पुढे १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या कायद्याने तर १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच प्रमाण भाडे धरले. भाडे गोठले, कर गोठले नाहीत. म्हणून करात होणारी वाढ भाडेकरूकडून घेण्याची मुभा मालकाला मिळाली. मी चळवळीतला माणूस असलो तरी ही मुभा गैर होती असे म्हणणार नाही.

याच मुभेतून एक गंमत झाली. भाडे महिन्याचे आहे, रकमेविषयी वाद नाही, सहा महिन्यांची बाकी आहे आणि नोटिशीनंतर महिन्याभरातही ती भरली नाही, असे असल्यास कोर्टाने खोली खाली करण्याचा हुकूम द्यायचा, असे कलम होते. १९६२ च्या कायद्याने शिक्षण उपकर आला आणि तोही भाडेकरूकडून वसूल होऊ लागला. पण तो काही महिन्याच्या महिन्याला भरायचा नव्हता. मग भाडेकरूंचे वकील विचारू लागले, की देण्याचा एक भाग वर्षाकाठचा असताना सारे देणे महिन्याचे कसे? काही खटल्यांत न्यायालयांनी हे मानले, आणि कोर्टात पैसे भरून खोली वाचवण्याची वाट उघडली. डोक्यावर चढलेल्या करानेच बिऱ्हाड राखले!

दुरुस्तीच्या बाबतीत असे काही घडले नाही. मालक म्हणे, १९४० च्या भाड्यात आजची तुळई कशी बसवू? भाडेकरू म्हणे, कायद्याने काम तुमचे आहे. दोघेही आपापल्या जागी खरे, आणि लाकूड कुजत राहिले. अखेर १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढले व जुन्या इमारतींवर उपकर बसवला. तो घरपट्टीबरोबर मालकाकडून घेतला जाई आणि त्याचा बराचसा भाग भाडेकरूकडे उतरे. १८८८ सालची ती समजूत येथे मोडली.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या कायद्यात भाड्याला दरसाल शेकडा ४ वाढ आहे आणि दुरुस्तीचे कर्तव्य मालकाचेच आहे. त्याने ते टाळले तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः काम करावे व खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिना १०० रुपयांच्या खोलीला हे वर्षाचे ३०० रुपये होतात. एवढ्यात नळाची तोटी बदलून होते, तुळई नाही.