विषुववृत्तीय आयनांबर विसंगती

विषुववृत्तीय प्रदेशात मध्यान्ही सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. त्यामुळे आयनांबराच्या एफ-२ थरातील इलेक्ट्रॉन घनता तेथे सर्वाधिक असावी, असे मानले जाई. १९४६ मध्ये एडवर्ड ॲपल्टन यांनी अनेक केंद्रांवरील निरीक्षणांवरून उलट परिस्थिती दाखविली : भूचुंबकीय विषुववृत्तावर घनता कमी, तर दोन्ही बाजूंस सु. १५° चुंबकीय अक्षांशांवर कमाल असते. भारतात हे शिखर अहमदाबादच्या आसपास येते. त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठातील शिशिरकुमार मित्र यांनी बलरेषांवरून होणाऱ्या विसरणाचे कारण सुचविले. दिवसा पूर्वाभिमुख विद्युत् क्षेत्रामुळे आयनद्रायू आधी वर उचलला जातो व मग कारंज्याप्रमाणे दोन्ही बाजूंस उतरतो, हे पुढे स्पष्ट झाले.

सौर डागांच्या सु. ११ वर्षांच्या चक्रानुसार ही घनता वाढते वा घटते. संपातकाळात ती अधिक असते. अयनकाळात वाऱ्यांमुळे दोन्ही शिखरे असमान होतात. या चढउतारांमुळे उपग्रहीय मार्गनिर्देशनात त्रुटी येतात. मध्य अक्षांशांसाठीची प्रतिमाने येथे अपुरी पडल्याने भारताच्या ‘गगन’ प्रणालीसाठी स्वतंत्र आयनांबरीय प्रतिमान तयार करावे लागले.